शेळीला झाली कावीळ

परातीतलं पाणी पिवळंधम्मक झालं आणि माण तालुक्यातल्या आमच्या अख्ख्या वाडीनं हात जोडले. परातीत हात होते मंगलचे, माझ्या तिसरीच्या वर्गातल्या अपेक्षाच्या आईचे. ते धूत होते कावीळ उतरवणारे नाथाजीबुवा.

"बघा! परवा हळदीवानी हुतं, आज लिंबावानी! सातव्या दिशी पाणी निवळशंख! फकस्त दवाखान्याची पायरी चढू नगा. सुई टोचली की कावीळ चिडती!"

चिडते म्हणे! कावीळ आहे की बुवांची सासू?

"तिचे डोळे बघा, परवापेक्षा जास्त पिवळे झालेत," मी म्हटलं. "सकाळपासून पोटात पाणी ठरत नाही तिच्या. जीव जाईल तिचा!"

"बाई, तुमी शाळंचं बघा!" गर्दी माझ्यावरच उखडली.

शाळेचंच तर बघते मी! दर शनिवारी मुलांना 'घरचा प्रयोग' देते. घरातल्या मोठ्यानं सोबत करायचा आणि वहीत सही करायची. निम्म्या सह्या पोरंच ठोकतात, हे काय मला कळत नाही? पण अपेक्षाच्या वहीत तिच्या आजीचा, अंबूबाईंचा, खरा अंगठा असतो. वर भांडणही येतं. गेल्या खेपेला दोन वाट्यांत मटकी ठेवायची होती, एक ओली, एक कोरडी. अंबूबाईंचा निरोप आला, "कोरडीला मोड येत न्हाईत हे शेंबडं पोरगंबी सांगंल. दुसरी वाटी कशाला?" मी उलट निरोप धाडला, "दुसरी वाटी नसेल तर मोड कशानं आले ते कळणार कसं?"

आता त्याच अंबूबाई सुनेला सावरून बसल्या होत्या. बुवा झोळी आवरायला लागले, तशा म्हणाल्या, "आवं बुवा, थांबा की. दुसरी वाटी ऱ्हायली."

"कसली वाटी?"

"कावीळ नसलेल्याचं हात धुवा. पाणी पांढरं ऱ्हायलं तर तुमचं खरं."

"निरोग्याला इद्या लागू न्हाई!"

"मग भ्या कशाचं?" म्हणत अंबूबाईंनी दारातली शेळीच ओढून आणली. हात धुण्याआधी बुवा मंगलच्या हाताला जे औषध लावत, त्याची बाटली झोळीतून काढून ते शेळीच्या खुरांना चोळलं, परात विसळून बुवांच्याच घागरीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि खुरं बुडवली.

पाणी पिवळंधम्मक!

"आयला, शेळीलाबी कावीळ!" गर्दीतला भाऊसो ओरडला आणि पोरांनी हसून लोळण घेतली.

मग बुवांना कबूल करावंच लागलं. बाटलीत आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस, घागरीत चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळं. रस रोज थोडा कमी लावायचा, म्हणजे कावीळ उतरल्यासारखी दिसते.

हसण्यात वेळ न घालवता मंगलच्या नवऱ्यानं, तानाजीनं, जीप काढली. दहिवडीला डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. म्हणाले, "आणखी दोन दिवस गेले असते तर आमच्या हातात काही उरलं नसतं."

बाहेर बाकावर अंबूबाई रडत होत्या. "बाई, तीन दिस मीच तिला त्या परातीफुडं बसीवलं की वं."

त्यांना काय सांगणार? तुम्हाला मात्र सांगते. कुणी चमत्कार दाखवला की त्याला म्हणा, हेच धडधाकट माणसावर करून दाखव. लाजू नका, भिऊ तर मुळीच नका. आणि आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्या, बुवाची परीक्षा सवडीनं घेता येते.