लांबून बोललेले मी ऐकत नाही

मी एक जुना हेडसेट आहे. कोणी मला भंगार म्हणाले तर मी ते मुकाट्याने ऐकून घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मित्रांनो, हेडसेट म्हटल्यावर तुम्हाला कानात शेंगदाण्यासारख्या खुपसायच्या त्या पांढऱ्या गोळ्या आठवत असतील. मी त्यांच्या नात्यातला नाही. मला वाटीएवढे दोन कान आहेत, डोक्यावर पोलादी पट्टी आहे, आणि तोंडापुढे वाकवता येणाऱ्या दांडीच्या टोकाला माझा माइक आहे. माझा प्लग पितळेचा आणि चांगला जाडजूड. तो मी विमानाच्या पोटात खुपसून काम केलेले आहे.

विमान आकाशात कितीही मिरवो, जमिनीवर त्याला धड मागे सरता येत नाही. ट्रॅक्टरने ढकलावे लागते. पायलटला मागचे दिसत नाही, म्हणून एक माणूस पुढच्या चाकाशेजारून चालत त्याच्याशी बोलत असतो. पायलट म्हणतो, ब्रेक सोडले. माणूस तेच परत म्हणतो, ब्रेक सोडले. जे ऐकले ते परत म्हणून दाखवायचे, असा तिथला कडक नियम. माझा माणूस होता गिरीज गावचा काशिनाथ. घरी केळी-नारळाची वाडी, आणि नोकरी मुंबईच्या विमानतळावर. आम्ही दोघांनी मिळून इतकी विमाने मार्गी लावली, पण एकाही प्रवाशाने कधी खिडकीतून आम्हाला हात केला नाही. आमचे त्यावाचून काही अडले नाही.

मग विमानतळावर नवे, हलके हेडसेट आले आणि आम्हा जुन्यांना मोडीत काढायचे ठरले. काशिनाथही त्याच सुमारास निवृत्त होत होता. त्याने साहेबांकडून मला मागून घेतले आणि घरी आणून ओटीवरच्या खुंटीला अडकवले. वर भिंतीवर आम्हा दोघांचा कामावरचा फोटो लावला. पहिले काही दिवस पाहुणे मला डोक्यावर घालून बघत आणि हसत. नंतर कोळ्याने जाळे केले. पुढे काशिनाथच्या बायकोने, मनोरमाने, माझ्या दांडीला लसणाची जुडी टांगली. मी वास सहन केला, पण मनातून स्वतःला खुंटी कधी मानले नाही.

त्यांची मुलगी रेवा. पदवी झाल्यावर तिने विमानतळावरच्या एका कंपनीत अर्ज केला. तिला बापाचेच काम हवे होते, विमानाखाली उभे राहून पायलटशी बोलण्याचे. तिथे श्रीरंग नावाच्या साहेबांनी तिच्या डोक्यावर कंपनीचा हेडसेट घालून, शेजारी इंजिन चालू असताना तिची परीक्षा घेतली आणि निकाल दिला: आवाज बारीक आहे, इंजिनापुढे टिकणार नाही, काउंटरवर बसून बोर्डिंग पास दे.

दुसरी कोणी असती तर आभार मानून काउंटरवर बसली असती. रेवा म्हणाली, "सर, मला अजून एक चान्स द्या. शनिवारी दुपारी मला फोन करा. मी इंजिनाशेजारी उभी राहून बोलेन. एक शब्द जरी कळला नाही तर मी गपचूप काउंटरला बसते." साहेब हसले आणि तयार झाले. घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हाच ती मला आवडली.

काशिनाथला मात्र ते मुळीच आवडले नाही.

"एसीत बसायला मिळतंय तर बस ना," तो म्हणाला. "ऊन, धूर, कानठळ्या... माझा उजवा कान गेला, बघतेस ना?"

"बघते ना पप्पा. पण तुम्ही रोज त्याच विमानांच्या गोष्टी सांगता. काउंटरच्या गोष्टी घरी येऊन कोणी सांगतं का?"

काशिनाथ कोयता उचलून वाडीत गेला.

रेवाने माझ्यावरचा लसूण काढला, जाळे झाडले आणि मला गॉडफ्रेकडे नेले. गॉडफ्रे गावातल्या लग्नांना आणि चर्चच्या सणाला साउंड देतो. त्याने माझा प्लग रेवाच्या फोनच्या भोकाशी धरून पाहिला आणि तो खो खो हसला.

"रेवा, हा विमानाची वीज खाऊन वाढलेला हाय. मोबाईलच्या थेंबभर करंटवर हा तोंड उघडणार नाय."

खरे बोलला. आणि खरे सांगायचे तर माझीही इच्छा नव्हती. विमानाच्या पोटातून निघून या पापडाएवढ्या फोनला जाऊन चिकटायचे? पण ही मुलगी कोणासाठी तरी नव्हे, स्वतःच्या शब्दासाठी भांडत होती. गॉडफ्रेने साबणाच्या डबीत बॅटरी आणि दोन-चार बारीक भाग बसवले, एका बाजूने माझा प्लग आत घेतला, दुसऱ्या बाजूने फोनची बारीक पिन बाहेर काढली. दुकानातल्या शांततेत त्याने "हॅलो, हॅलो" केले आणि त्याच्या बायकोने, ज्युलीने, घरी फोनवर ते स्वच्छ ऐकले. झाले, मी फोनचा सोबती झालो. नोकर नव्हे, सोबती.

शनिवारी दुपारी आम्ही वाडीत उभे होतो. वीज गेली की शिंपण्यासाठी लागते ते डिझेलचे इंजिन काशिनाथने रेवाच्या सांगण्यावरून चालू करून दिले होते आणि तो त्याच्याजवळच उभा होता. इंजिन असे धडधडत होते की केळीची पाने थरथरत होती. रेवा मला डोक्यावर चढवणार इतक्यात मनोरमा धावत आली.

"अगं, पप्पांचं तोंड लागलंय त्याला! उष्टं हाय ते. पुसून घे, आणि तोंडाला नको लावू."

या घरात तांब्यासुद्धा ओठाला लावत नाहीत. पाणी वरून पितात. रेवा त्याच वळणात वाढलेली. तिने पदराने मला पुसले आणि माझी दांडी ओठांपासून चार बोटे लांब वाकवली. परीक्षेच्या दिवशी कंपनीचा, परक्या तोंडांचा माइकही तिने असाच लांब धरला असणार, हे मला तेव्हा कळले.

फोन वाजला. साहेब तिकडून पायलटसारखे बोलू लागले आणि रेवा प्रत्येक वाक्य परत म्हणू लागली. बेंबीच्या देठापासून ओरडत होती बिचारी.

"काही कळत नाहीये," साहेब म्हणाले. "सांगितलं होतं ना? चहा घेऊन येतो आणि शेवटचा एकदा लावतो. मग हा विषय बंद."

रेवा पाटाच्या कडेला बसली. डोळ्यांतले पाणी पुसत ती माझ्यावरच चिडली, "खटारा आहे हा!"

खटारा? मी? मित्रांनो, आता माझी बाजू ऐका. माझ्या माइकला दोन्ही बाजूंनी भोके आहेत. लांबून आलेला आवाज दोन्हीकडून सारखाच शिरतो आणि आतल्या आत भांडून मरतो. ओठ टेकवून बोललेला शब्द मात्र एकाच बाजूने शिरतो, म्हणून तो जगतो. लांबचे सगळे मी गोंगाट म्हणून हाकलतो. हा माझा दोष नाही, हा माझा धर्म आहे. चार बोटांवरून ब्रह्मदेव बोलला असता तरी मी त्याला हाकलले असते. पण हे मी रेवाला कसे सांगू? मला आवाज पोचवता येतो, स्वतःचा आवाज नाही. त्या दिवशी मला त्याचा फार राग आला.

मनोरमा माझ्याकडे बघत होती, मग तिने नवऱ्याकडे पाहिले.

"तुम्ही गप्प का? फोटोत तर हा तुमच्या ओठाला चिकटलाय."

काशिनाथची मान खाली गेली. "टेकवावाच लागतो," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाय पोरीला?"

"सांगितलं असतं तर ती गेली असती."

इंजिनाच्या धडधडाटातही ते वाक्य दोघींना ऐकू गेले. रेवा बापाकडे बघत उठून उभी राहिली. मनोरमा पुढे आली, आणि जिने आयुष्यभर कोणाचा पेला कोणाला लावू दिला नव्हता, तिने स्वतःच्या हाताने माझी दांडी वाकवून माझा माइक लेकीच्या ओठांवर टेकवला.

"लहानपणी बापाच्या ताटातला घास खाल्लाय तू. बापाचं उष्टं कसलं? बोल आता."

फोन वाजला. "ब्रेक सोडले," साहेब म्हणाले. "ब्रेक सोडले," रेवा म्हणाली. न ओरडता, नेहमीच्या आवाजात. तिचा शब्द माझ्यात शिरला आणि मी तो छाती फुगवून पुढे पाठवला. इतक्यात काशिनाथचा हात इंजिनाच्या दांड्याकडे गेला. रेवाने ते पाहिले. आता हा इंजिन बंद करणार आणि सगळे खोटे ठरणार, असे तिला वाटले असेल, मलाही वाटले. पण ती थांबली नाही. "मागे ढकला, तोंड पूर्वेला," ती परत म्हणाली. काशिनाथने दांडा धरला आणि वर रेटला. इंजिन दुप्पट गरजले. पाटावरचे बगळे उडून गेले.

"रेवा," साहेब म्हणाले, "फसवू नकोस. इंजिन बंद केलंस तू."

रेवाने उत्तर दिले नाही. फोनमधून माझी पिन उपटली आणि नुसता फोन इंजिनापुढे धरला. तिकडे साहेबांच्या कानावर काय आदळले असेल ते मी पाहू शकलो नाही, पण पिन परत लावली तेव्हा ते ओरडत होते, "बस, बस! कळलं! सोमवारी ये. काउंटरवर नको, खाली ये."

काशिनाथने इंजिन बंद केले. वाडीत एकदम शांतता झाली. "दोन्ही कान झाकायचे," तो लेकीला म्हणाला. "ट्रॅक्टरवाल्याचं ऐकायला मी एक उघडा ठेवायचो. तू ठेवायचा नाही. शपथ घे." रेवाने त्याच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली आणि मग तिघेही रडले. मी रडलो नाही. भिजलो तर बिघडतो.

मित्रांनो, शेवटी मी हात जोडून विनवणी करावी अशी तुमची अपेक्षा असेल. मी करणार नाही. जुनी वस्तू चालत नाही असे म्हणण्याआधी आपण ती नीट धरली का ते पाहा, एवढे मी तुम्हाला बजावतो. आणि उद्या कोणी तुमच्या बहिणीला, मैत्रिणीला किंवा तुम्हालाच म्हणाले की तुझा आवाज बारीक आहे, तर गप्प बसू नका. त्यांना सांगा, आधी जवळ येऊन ऐका.