पूजेला जोडी लागते

“नवी साडी नेस,” शनिवारी सकाळी नाथाजीनं बायकोला फर्मावलं. “धा वाजता फाट्यावर पूजंला बसायचंय.”

लीलाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. “कसली पूजा?”

“आगं, शाळंच्या नव्या खोल्यांचं भूमिपूजन. तू अध्यक्ष न्हवं का!”

झालं! बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्ष म्हणे! शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदाचा हार तिच्या गळ्यात पडला, कारण पोरगी राजनंदिनी गावच्या शाळेत तिसरीला होती आणि ह्या वेळी बाईच पाहिजे असं वरून सांगणं आलं होतं. त्या दिवसापासून एकाही बैठकीचं बोलावणं तिला आलं असेल तर शपथ! बैठकीला जायचा नाथाजी. फौजेतून पेन्शनीवर आलेला हवालदार, कडक इस्त्रीचा सदरा घालून अध्यक्षाच्या खुर्चीत ऐसपैस बसायचा. गावालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जतच्या ह्या माळावर किती बायका अशा घरात भाकरी थापता थापता अध्यक्ष होतात आणि तशाच उतरतात, कुणाच्या लक्षातही राहत नाही.

“पण फाट्यावर का? शाळा तर वस्तीत हाय.”

“आता रस्त्याला लागून बांधायची. कशी उठून दिसंल! आपून होकार दिलाय.”

“आपून म्हंजी कुणी?”

नाथाजी मिशी चाचपत बाहेर सटकला.

उठून दिसंल! फाटा म्हणजे चौपदरी रस्त्याच्या पलीकडं. विजापूरकडून येणारे ट्रक तिथं कुणाच्या बापाला थांबत नाहीत. गेल्या साली धुळा मेंढपाळाची मेंढरं रस्ता ओलांडताना चिरडली गेली, आणि धुळा तर जन्मभर मेंढरं वळणारा माणूस. तिथून पहिलीतली पोरं दप्तर घेऊन पलीकडं जाणार? आणि कशापायी, तेही तिला चांगलं ठाऊक होतं. गावात लग्न निघालं की वऱ्हाड शाळेत उतरायचं. पोरांना सुट्टी आणि पाहुण्यांना गाद्या! पण वस्तीच्या बोळात गाड्या शिरत नव्हत्या, नवरदेवाला चालत यावं लागायचं. आता रस्त्यालगत सरकारी पैशानं जानवसघर होणार. भिंतीला फळा टांगला की झाली शाळा. मेल्यांना लाज कशी वाटत नाही! तिनं तवा आपटून खाली ठेवला आणि पिठाचे हात पदराला पुसत, अंगावरच्या साडीनिशीच ती फाट्याकडं निघाली.

फाट्यावर मांडव, खुर्च्या, फेटे, सगळा थाट. जमिनीवर फक्कीनं पायाच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. नाथाजी आधीच पाटावर बसला होता.

“या वैनी, या,” सरपंच वीरधवल हसत पुढं झाला. “तुमच्याचसाठी खोळंबलंय.”

“पूजेला जोडी लागते,” भटजी म्हणाले. “बाईंनी यजमानांच्या उजव्या हाताला बसावं.”

लीलाबाई उभीच राहिली. “बैठकीला ह्ये एकटं चालत्यात, आन पूजंला जोडी लागती व्हय?”

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. नाथाजीचा चेहरा पडला. “लीला, बस गुमान. साहेब बसल्यात.”

“साहेबांनाच सांगती की! साहेब, मी अध्यक्ष हाय, पण आजपातुर एका बैठकीला न्हवते. खोल्या हितं बांधायचं कुणी ठरवलं, ते मला आज चुलीपुढं कळलं.”

साहेबांनी घड्याळावरून नजर काढली. “ठरावाच्या बैठकीला तुम्ही नव्हता?”

“मालक हुतं की साहेब,” वीरधवल मधेच बोलला. “मालकांनी होकार दिला म्हंजी वैनींनीच दिला. घरातली गोष्ट हाय ती.”

“घरातली? मग उद्या तुमच्या खुर्चीत तुमच्या मंडळींस्नी बसवा सरपंच! बसवताय का?” बाईचा आवाज आता रस्त्यापलीकडं ऐकू जात होता. “माझी पोरगी ह्यो रस्ता कशी वलांडंल, येवढं तरी कुणी इचारलं का? तुमच्या वऱ्हाडाच्या गाद्या टाकायला पोरांचं बळी देताय व्हय!” तिनं पुढं होऊन चपलेनं फक्कीची रेघ खसाखसा पुसली. मांडवात सगळीकडं “आवं, आवं!” झालं. भटजी तर पाटावरून उठलेच.

साहेब वैतागले होते. पण इतक्या लोकांसमोर आता कानाडोळा करणंही शक्य नव्हतं. “समिती पालकांची आहे,” ते म्हणाले. “इथंच बैठक घ्या. ज्यांची मुलं ह्या शाळेत शिकतात, तेवढेच मांडवात थांबा. बाकीचे बाहेर.”

आणि मग काय गंमत झाली म्हणता! एकेक फेटा उठून बाहेर जायला लागला. शाळा कुठं व्हावी हे ठरवणाऱ्या ह्या शहाण्यांची पोरं रोज पिवळ्या गाडीनं तालुक्याच्या इंग्लिश शाळेत जात होती. खुर्च्या रिकाम्या झाल्या. मागं उन्हात उभे होते ते पुढं आले. धुळा मेंढपाळ आला, बांगड्या विकणारी अख्तरबी आली, मोलमजुरी करणारी मनुबाई आली, त्यांच्यामागं वस्तीतली चारदोन माणसं. लीलाबाईसकट सगळे सतरंजीवर बसले.

“माझी मेंढरं गेली तेवढी बास झाली,” धुळा म्हणाला. “पोरगं न्हाई जाऊ द्यायचं.”

“जुन्या जागंवरच बांधा,” अख्तरबीनं हात वर केला. “तितं पोरं हाकंच्या अंतरावर ऱ्हात्यात.”

सगळे हात वर गेले. नाथाजी तेवढा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता.

वीरधवलला ते सोसवेना. बाहेरूनच तो ओरडला, “वैनी, शाळंचा येवढा पुळका हाय, तर तुमचा शिवतेज का जातो पिवळ्या गाडीनं? पोरगी हितं, आन पोरगा इंग्लिशला? आमालाच शिकवताय व्हय!”

लीलाबाईला तो शब्द लागला, जिव्हारी लागला. पोराचंही असंच परस्पर ठरलं होतं, आणि तेव्हा ती मूग गिळून बसली होती. तिला सरपंचाचा राग आला, नवऱ्याचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

“खरं बोलला सरपंच,” ती म्हणाली. “सोमवारपासनं शिवतेज ह्याच शाळंत.”

नाथाजी खांब सोडून तरातरा पुढं आला. “डोकं फिरलंय का तुजं? पोराचा इषय घरी बोलायचा. चल, ऊठ! घरी चल!”

“बैठक अजून संपली न्हाई,” लीलाबाई म्हणाली. “खाली बसा.”

नाथाजीनं इकडंतिकडं बघितलं. धुळानं सरकून सतरंजीवर जागा करून दिली. हवालदार खाली बसला.