कानापुरता आवाज

"डावा बंदच पडलाय," रुमेना म्हणाली आणि कानातला मॉनिटर काढून तिने कामेनच्या हातावर ठेवला. "कुणी कापूस कोंबल्यासारखं ऐकू येतंय."

कामेनने तो खिडकीच्या उजेडात धरला. जुना साउंडवाला पोटासाठी जर्मनीला गेला, म्हणून कामेन आज पहिल्यांदाच लग्नांत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या या ताफ्याबरोबर आला होता. मिशाळ, बोलका माणूस, पण हात चलाख. मॉनिटरच्या टोकाला मसुरीएवढी धातूची नळी आट्यांवर फिरवून बसवलेली होती. तिला बारीक लाल कडं होतं, आणि तोंडावरची जाळी मळाने, घामाने गच्च बुजली होती.

"फिल्टर गेला, ताई. दुसरा लाल आहे का?"

"डबी वेलिनकडे असते. तो गेलाय वरातीबरोबर."

हॉलच्या बाहेर, गावाच्या वरच्या आळीतून वेलिनची क्लॅरिनेट ऐकू येत होती. नवरा मुलगा नवरीच्या दाराशी पोचला असावा, कारण सूर एकाच जागी घोटाळत होते. वेलिन रुमेनाचा नवरा आणि ताफ्याचा मालकही.

"माझ्याकडे रुपेरी आहेत," कामेन म्हणाला. "दोन्ही बदलतो, नाहीतर एक कान एक सांगेल आणि दुसरा दुसरंच. पण तुम्ही गाणाऱ्या बाई लाल कशाला घालता? लाल नळी खर्ज फुगवते आणि वरचं सगळं झाकून टाकते. रुपेरी आपली सरळ. आहे ते आहे, नाही ते नाही."

"नवऱ्याने आणल्या, मी घातल्या. बसव तू."

ते खरंच होतं. रुमेनाच्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईल हळूहळू. आला, पण चिरफाळलेला. तेव्हा स्टेजवर पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून तिला स्वतःचं गाणं ऐकू यायचं, आणि वरच्या सुरात आवाज फाटला की ती मान खाली घालायची. एका लग्नात तर अर्धं गाणं सोडून ती गाडीत जाऊन बसली. आता पुरे, म्हणाली. त्यानंतर वेलिनने हे कानातले मॉनिटर आणले. पहिल्यांदा घातले आणि तिचा विश्वासच बसेना. आवाज कसा भरदार, उबदार, तरुणपणी होता तसा. "बघ, तुझा आवाज भरून आलाय," वेलिन म्हणाला होता. "पायाशी ती खोकी होती, त्यांचाच दोष." त्या दिवशी स्वयंपाकघरात मिरच्या भाजता भाजता ती मोठ्याने गायली होती. मागाहून पाहुण्यांनी मोबाईलवर घेतलेली गाणी तिने ऐकली, तर त्यांतही तोच जुना, घट्ट आवाज. मग शंका कशाला घ्यायची?

वरात आली. पाहुणे टेबलांना बसले, कडक राकियाचे पेले भरले, वेलिन घाम पुसत स्टेजवर चढला. ड्रमरने नेहमीसारखं साथीसाठी समोरच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पहिलं होरो सुरू झालं. माणसं रांगेने नाचायला हातात हात गुंफून उठली.

रुमेनाने पहिली ओळ घेतली आणि तिच्या अंगावर काटा आला.

कानात कुणी म्हातारी गात होती. सुराच्या खाली राहणारी, श्वास पुरत नसलेली. प्रत्येक शब्दाच्या टोकाला खरखर, जशी भांड्याच्या बुडाला घासणी लागावी. तिने जोर लावला तर खरखर वाढली. हळू घेतलं तर नुसती हवा. तिने कामेनकडे पाहिलं. त्याने आपला अंगठा वर केला.

गाणं संपलं तेव्हा पुढच्या टेबलावरची एक बाई धावत आली आणि तिने मोबाईल पुढे केला. "ऐक गं, काय सुरेख आलंय." रुमेनाने एक कान मोकळा करून ऐकलं. मोबाईलमधली रुमेना वरचा सूर असा सहज उचलत होती की जणू टोपलीतली भाकरी उचलावी.

कान एक सांगत होते, मोबाईल दुसरं. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं.

दुसऱ्या गाण्याला ती गात राहिली, पण लक्ष कानात ठेवून. आपल्याच माईकमध्ये हॉलचा आवाज झिरपत होता, आणि त्या झिरपणाऱ्या आवाजात, अगदी पुसट, आणखी एक बाई गात होती. वरच्या सुरांची एक बारीक, चकचकीत कडा. लाल नळ्यांनी ती आजवर कधी कानापर्यंत येऊ दिली नव्हती. वेलिनने कुठली पोरगी आणून पडद्यामागे बसवली?

कडव्याच्या मध्यावर तिने तोंड मिटलं.

गाणं चालूच राहिलं. होरोची रांग डुलत होती, कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. तिने दोन्ही मॉनिटर ओढून काढले. हॉलच्या चारी कोपऱ्यांतून तो आवाज येत होता, आणि ओळीच्या शेवटी त्याने घेतलेला छोटासा श्वास तिने ओळखला. पोरगीबिरगी कुणी नव्हती. ती रुमेना स्वतःच होती.

मध्यंतरात ती हॉलमागे गाडीपाशी गेली. वेलिन मागोमाग आला.

"ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात सगळी गाणी रेकॉर्ड करून घेतलीस माझ्याकडून," ती म्हणाली. "आठवण म्हणून, म्हणालास."

"तेव्हा आठवण म्हणूनच घेतली होती."

"आणि लाल नळ्या?"

"त्या तुझ्यासाठी. तू गाणं सोडलं असतंस, रुमेना. घरात भिंतीकडे बघत बसायचीस. मला ते बघवत नव्हतं."

"म्हणजे मला एक ऐकवलंस, लोकांना दुसरं. आणि मी खरी गात होते ते?"

वेलिन बुटाच्या टोकाने खडी उकरत राहिला. "माईक तुझा फक्त तुझ्या कानापुरता. बाहेर बंदच असतो."

"ताफ्यात सगळ्यांना ठाऊक आहे?"

"ड्रमरच तर बटण दाबतो."

ती हसली. वेलिनला ते हसू सहन होईना. "लोक तुझं नाव घेऊन बोलावतात," तो म्हणाला. "तुलाच ऐकायला येतात."

"मला नाही, तिला."

"ती पण तूच आहेस."

"असेल. पण तिने मला कधी पाहिलेलं नाही."

परत आत येऊन ती थेट कामेनकडे गेली. "ते रेकॉर्डिंग बंद कर. माझा माईक उघड."

कामेन चपापला. "ताई, तुम्हाला ठाऊक असेल असं धरून चाललो होतो मी. सगळेच करतात हो हे."

"उघड."

ती कानात काही न घालता गायली. सगळं गाणं गायली, एक कडवंही न टाळता. वेलिनने क्लॅरिनेट तिच्या खाली आणून तिला सावरायचा प्रयत्न केला, तर तिने हाताने त्याला थांबवलं. होरोची रांग सैल पडली. मधले दोघे सुटून सिगारेट ओढायला गेले, मग त्यांच्या बाजूचे. टेबलांवर बोलणं वाढलं. कुणी हसलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नवरीचे वडील हातात पेला घेऊन आले आणि स्टेजच्या कडेला वाकले.

"दमलात, रुमेनाताई," ते मायेने म्हणाले. "सकाळपासून उभ्या आहात. जरा जेवून घ्या. ओढणी उतरवायच्या गाण्याला मात्र मघासारखं गा. आमच्या लग्नातही तुम्हीच गायला होतात. बायको तेवढ्यासाठीच हट्ट धरून बसली होती."

रुमेनाने मान हलवली. जेवली मात्र नाही.

संध्याकाळी नवरीला हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. सासू ओढणीच्या टाचण्या काढायला उभी राहिली, बायका भोवती जमल्या. ड्रमरचं बोट बटणावर थांबलं होतं. वेलिन तिच्याकडे बघत होता, कामेनही. नवरीची आई रुमाल तोंडाशी धरून स्टेजकडे पाहत होती, गाणं सुरू व्हायच्या आधीच डोळे भरलेले.

रुमेनाने ड्रमरला खूण केली.

आवाज निघाला. तिने ओठ हलवले, जिथे श्वास घ्यायचा तिथे छाती भरली, वरच्या सुराला हनुवटी उचलली. हॉल असा शांत झाला की टाचण्या ताटलीत पडताना ऐकू येत होत्या. बायका रडल्या. नवरी रडली. शेवटची ओळ लांबत लांबत गेली तेव्हा वेलिनने डोळे मिटून घेतले होते.

नवरीची आई स्टेजवर चढून आली. तिने रुमेनाचे दोन्ही हात धरले.

"काही बदललं नाही बाई तुझं," ती म्हणाली. "थांब, घसा सुकला असेल." आणि टेबलावरून पाण्याचा ग्लास भरून आणून तिने रुमेनाच्या हातात दिला.

रुमेनाने तो घेतला आणि तिच्यासमोर उभी राहून सगळा प्यायली.