बटणावरचा लाखेचा थेंब

"एवढं घासू नका, तोंड दिसेल त्यात," बायको म्हणाली, तरी मिस्त्रीचा हात थांबला नाही. रेडिओ थोरल्या बहिणीचा होता. भावोजी गेले आणि पाठोपाठ तोही मुका झाला. मिस्त्रीने त्यात जीव ओतला होता. व्हॉल्व्ह बदलले, करपलेल्या तारा काढल्या, लाकडाला पॉलिश केले. स्टेशनच्या बटणावर लाल, टणक असा एक ठिपका होता, तोही सुरीच्या टोकाने खरवडून टाकला.

ताई आली ती लेकीचा हात धरून. तिला आता उजेड-अंधार तेवढा कळे. बसल्या बसल्या तिने रेडिओवरून हात फिरवला, नवरीसारखा नटवलास की, म्हणाली. मग बोटे बटणावर आली आणि तिथेच चाचपडत राहिली.

"इथला थेंब कुठंय रे, धाकट्या?"

मिस्त्रीला काही कळेना. भाचीनेच मग सांगितले. आईची नजर गेली तेव्हा बाबांनी लाख वितळवून तो थेंब टाकला होता. थेंब बरोबर वर आला की सकाळच्या गाण्यांचे स्टेशन लागे. तिला कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून.

 रेडिओच्या आतला स्क्रू नेमका बसला की त्यावर लाखेचा थेंब टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणी हात लावत नाही, हे मिस्त्री जन्मभर करत आला होता. दुसऱ्या कारागिराचा असा थेंब त्याने कधी फोडला नव्हता. हा मात्र बाहेर होता, म्हणून त्याला मळ वाटला.

बायकोने टेबलाखालचा केर चाळून पाहिला. लाल भुकटीशिवाय हाती काही लागले नाही. मिस्त्रीने घाईघाईने लाखेची कांडी ज्योतीवर धरली.

"आत्ता लावतो, ताई. तसाच, त्याच जागी."

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "स्टेशन मला कानानं सापडतं. पहिल्यापासूनच सापडायचं. त्यांना सांगितलं नाही, इतकंच."

तिने बटण फिरवले. खरखर मागे पडली आणि गाणे लागले, कितीतरी वर्षांत लागले नसेल इतके स्वच्छ. कांडी टेबलावर ठिबकत होती, मिस्त्रीला भान नव्हते. ताई मान कलती करून ऐकत होती. तिचा अंगठा मात्र, बटण जराही न हलवता, त्या गुळगुळीत जागेवरून फिरत राहिला.