लाल गाडीचं पेट्रोल

बालाघाटला गोंदिया रोडवर मोतीलालचा पेट्रोल पंप होता. तो बरा चालला होता, पण मध्येच त्याच्या साळ्यानं गाडी घेतली.

हा साळा घनश्याम मँगनीजच्या खाणीत ठेकेदारी करायचा. खाणीचा गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला, तेव्हा घनश्यामनं त्याची लाल, दोन सीटची, शर्यतीत पळवतात तसली गाडी विकत घेतली. साऱ्या जिल्ह्यात तशी दुसरी नव्हती. साहेबानं टाकीत भरून ठेवलेलं पेट्रोल संपलं आणि गाडीचं इंजिन ठोकायला लागलं. जरा चढ आला, की पितळी डब्यात खिळे हलवावेत तसा इंजिनातून आवाज यायचा.

घनश्याम थेट पंपावर आला. गिऱ्हाइकं उभी होती.

"भाऊजी, पेट्रोलमध्ये मातीचं तेल मिसळून राह्यले का?"

मोतीलालच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं कधी रॉकेलच्या थेंबाची भेसळ केली नव्हती, आणि इथं घरचाच माणूस चारचौघांत हे विचारत होता. त्यानं राग गिळला.

"कोणतं पेट्रोल टाकायचं ते साहेबानं सांगतलं होतं का तुले?"

"चांगलं टाकजो म्हणे."

"हाय ऑक्टेन म्हणे का?"

"तसंच काहीतरी म्हणे."

मग मोतीलालनं समजावून सांगितलं. पेट्रोल कंपनीच्या नागपूरच्या माणसानं एकदा त्यालाही असंच बसवून सांगितलं होतं. अशा गाडीचं इंजिन पेट्रोलला फार दाबतं. साधं पेट्रोल तो दाब सोसत नाही, वेळेआधीच भडकतं, म्हणून इंजिन ठोकतं. हाय ऑक्टेन दाब सोसतं. बाकी त्यात जास्तीची ताकद काही नसते, आणि साध्या गाडीला साधंच पुरतं.

घनश्यामनं सगळं ऐकून मान डोलावली. "म्हणजे तुमचं पेट्रोल कमजोर हाये."

"कमजोर नाई रे. वेगळं हाये."

"तेच तर म्हणून राह्यलो."

संध्याकाळपर्यंत बाजारात झालं, की मोतीलालचं पेट्रोल कमजोर आहे. घरी जेवायला बसला तर बायको कमला ताट वाढता वाढता म्हणाली, "माह्या भावाची एक गाडी तुमच्यानं धड चालवून देणं होत नाई." मोतीलाल अर्ध्या जेवणावरून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं नागपूरला निरोप धाडला आणि खटपट करून हाय ऑक्टेनचं एक पिंप मागवलं.

पिंप आलं तेव्हा घनश्याम कामासाठी जबलपूरला गेला होता. पंपावर आला फकिरा. राजेगावपर्यंत सवाऱ्या नेणारी त्याची जीप इतकी जुनी होती, की हॉर्न सोडून तिचं सगळं वाजायचं.

"ते ताकदवालं टाका, भाऊ."

"तुह्या जीपले त्याचा काही उपेग नाई. पैसे वाया जातीन."

"माह्ये पैसे हायेत ना. तुम्ही काहून जीव जाळता?"

मोतीलालनं टाकलं. जीप हवेत उडते, असं फकिरानं गावभर सांगितलं. मग वकिलाची स्कूटर आली, मग तांदळाच्या मिलवाल्याचा ट्रक. मोतीलाल प्रत्येकाला तेच सांगायचा आणि प्रत्येक जण ऐकून म्हणायचा, हौ, पण तेच टाका. शेवटी त्याचा घसा बसला आणि तो मुकाट्यानं भरत गेला. घनश्याम परत आला तेव्हा पिंप रिकामं होतं, आणि दुसरं लवकर मिळणार नव्हतं.

"माह्यासाठी आणलं आन् लोकायले वाटलं?" घनश्याम म्हणाला.

मोतीलालला स्वतःचीच चीड आली.

रामपायलीला कार्तिकाची जत्रा होती. कमला सकाळच्या बसनं पुढं गेली. घनश्यामनं गाडीत साधं पेट्रोल भरलं आणि मोतीलालला शेजारी बसवून घेतलं. मोतीलालनं तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकावा, असं त्याला वाटत होतं.

"हळू ने," मोतीलाल म्हणाला. "चढावर गिअर बदल आन् जास्त दाबू नको. मग नाई ठोकणार."

नदीपलीकडच्या चढापर्यंत घनश्यामनं ऐकलं. तिथं मागून बस आली आणि भोंगा वाजवून पुढं निघून गेली. खिडक्यांतून लोक लाल गाडीकडे बघून हसत होते. घनश्यामनं पाय दाबला.

"सोड," मोतीलाल ओरडला. "आवाज आईक जरा, सोड."

डब्यातले खिळे जोरजोरात वाजले. मग एक मोठा कडाका झाला आणि मागं निळा धूर पसरला. गाडी आपसूक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. पिस्टनला भोक पडलं होतं.

दोघं शेताच्या धुऱ्यावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं जत्रेच्या सवाऱ्या सोडून फकिराची जीप रिकामी परत आली. त्यानं दोरानं लाल गाडी बांधली, तिच्या स्टिअरिंगवर आपल्या क्लीनरला बसवलं आणि दोघांना जीपमध्ये घेतलं. वाटेत मागं वळून घनश्यामला तो सांगत राहिला, की भारी पेट्रोल टाकायला पाहिजे होतं, त्याची जीप बघा कशी ओढते. मोतीलाल बाहेर धानाच्या बांध्यांकडे बघत बसला.

गाडी नागपूरला गेली. तिथल्या मिस्त्रीनं पिस्टन बदलला, आणि इंजिनाच्या डोक्याखाली जाड गॅस्केट घालून दाबच कमी करून टाकला. आता गाडी पूर्वीसारखी पळत नव्हती, पण साध्या पेट्रोलवर बिनतक्रार चालत होती.

ती घेऊन घनश्याम पंपावर आला, तेव्हाही गिऱ्हाइकांची रांग होती.

"साधंच भरा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता ठोकत नाई. तुमचं पेट्रोल सुधरलं, भाऊजी."

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. जाड गॅस्केटचं सगळं मोतीलालच्या ओठांवर आलं होतं. त्यानं रांगेकडे पाहिलं, घनश्यामच्या खूश चेहऱ्याकडे पाहिलं.

"हौ," तो म्हणाला, आणि नळी टाकीत खुपसली.