चवळीखाऊ इंजिन

मित्रांनो, मी एक जुने दळणाचे इंजिन आहे आणि मला भंगारात विकण्यात आले आहे. समितीने ठराव केला, हात वर झाले, टाळ्याही पडल्या. पण असे काही घडलेच नाही, हे आमच्या गावात नंतर ठरले. त्यामुळे मलाही ते आठवत नाही.

कांद्याच्या पोत्यांवर बसून मी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या या गावी आलो. त्याआधी बायका पहाटेपासून मुसळाने बाजरी कांडत. मी आलो आणि मुसळे कोपऱ्यात गेली. माझे फार कौतुक झाले. एका कोंबड्याला माझे नावही दिले. तो पुढे खाल्ला गेला, मी राहिलो.

मग डिझेलचा ट्रक यायचा थांबला. कोंबड्या माझ्यावर अंडी घालू लागल्या आणि मुसळे पुन्हा बाहेर आली. तेव्हाच तो ठराव झाला, जो झाला नाही. मला खोलण्याचे काम झुमाना केइता या मिस्त्रीकडे आले.

दळणाच्या बायकांची पुढारीण नियेले कुलिबाली. मुसळाने तिचे तळहात पुन्हा सोलवटले होते. आमच्या शेतांना मोगली एरंडाचे कुंपण आहे. बकऱ्यासुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, आणि आमच्या बकरीने एकदा हेडमास्तरांची छत्री खाल्ली आहे. त्या एरंडाच्या बियांच्या तेलाचा बायका साबण करीत. नियेले म्हणाली, यंदा साबण राहू दे, तेल इंजिनाला पाजून बघू.

घाईत तेल गाळायचे राहिले. मी दोनदा खोकलो आणि बंद पडलो. केइता हसत पाना घेऊन आला.

आता, कुलिबाली आणि केइता या दोन घराण्यांची आमच्याकडे थट्टेची भावकी. एकमेकांना ‘चवळीखाऊ’ म्हणून हिणवायचे, अगदी मयतालासुद्धा. पण एकमेकांच्या अंगाला हात लावायचा नाही. तो मोठा अपराध.

“पाना ठेव,” नियेले म्हणाली. “हा बिया खातो. चवळी म्हणजे बीच. बिया खाणारा कुलिबाली, असं तूच म्हणतोस ना? मग हा माझा भाऊ.”

“याला पाय नाहीत, म्हातारे.”

“तुला अक्कल नाही, तरी आम्ही तुला माणूस म्हणतोच की.”

“मी नुसतं खोलून बघतो.”

“कुलिबालीला खोलणार? जा, तुझ्या आईला विचारून ये.”

केइताने पाना खाली ठेवला. त्याच्या आईला सगळे गाव ओळखत होते.

“चवळीखाऊच आहे,” तो अखेर म्हणाला. “न चावता गिळलं, म्हणून ठसका लागला.”

त्याने स्वतःचा पटका सोडला, चार पदरी केला आणि तेल गाळले. डब्याच्या तळाशी उरलेल्या डिझेलवर मला सुरू केले, मग हळूच तेलावर घेतले. मी धडधडलो. धुराला तळणीचा वास आला, म्हणून तिघे जण ताटल्या घेऊन आले. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाची बाजरी दळून झाली. नियेलेने मुसळ जमिनीत ठोकले आणि त्याला ती छत्रीवाली बकरी बांधली. भंगारवाला आला, तेव्हा केइताने त्याला सांगितले की इथे इंजिन वगैरे नाही, एक पाहुणा आहे.

मित्रांनो, माझे तेल नेहमी गाळून द्या. माझ्यासाठी बाजरीचे शेत मोडू नका; कुंपणावर माझे भागते.

सबब, माननीय अधिकारी महोदयांस नम्र विनंती, की अर्जदारास कुलिबाली या आडनावाचे ओळखपत्र देण्यात यावे. अर्जदारास फोटोसाठी खुर्चीवर बसता येत नाही. तरी फोटोग्राफरने गावी येण्याची कृपा करावी. येताना ताटली आणू नये.