उठवणाऱ्याची खूण

जरा जवळ सरका, निवांत बसा. एका निळ्या ठिपक्याची गोष्ट सांगतो.

रुग्णालयाच्या खाटेवर मास्तरांनी कागदावरच्या एका वाक्यावर काट मारली, तेव्हा त्यांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेला तासभर उरला होता. मागच्या खेपेला त्यांची भूल उतरायला दोन दिवस लागले होते. संगणक हायबरनेशनमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, जाताना त्याचा कर्नेल, म्हणजे गाभ्याचा प्रोग्रॅम, प्रोसेसरची स्थिती कशी जपतो, त्या भागाचा कोड त्यांनीच लिहिलेला. त्याची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या ताई कागद सावरत शेजारी बसल्या होत्या.

"ताई, इथं गोची आहे. उठल्यावर प्रोसेसर नेमका त्याच ओळीवर येतो, सगळ्या नोंदी जशाच्या तशा. मग आपण झोपायला निघालोय की झोपून उठलोय, हे त्याला कळणार कसं?"

"लिहिलंय की. झोपण्याआधी तो खूण करतो."

"अहो, ती खूणही नोंदींबरोबर साठवणीत जाते आणि तशीच बाहेर येते! झोपणाऱ्याची खूण काय कामाची? ती बदलायची उठवणाऱ्यानं."

पायथ्याशी चादरीची घडी घालणाऱ्या काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, म्हणाल्या, "ऑपरेशनला आलात की शिकवणी घ्यायला? मरू देत त्या नोंदी."

"त्या मरत नाहीत, हेच तर लिहितोय."

सगळे हसले. मग मास्तरांच्या बोटांतून पेन निसटलं. ते छताकडे बघत राहिले.

"अगं, या वेळी उठलोच नाही तर?"

काकूंनी पेन उचललं, टोपण लावलं, पर्समध्ये ठेवलं.

"तुम्ही खुशाल झोपा. उठवायचं मी बघते."

दुपार कलली. बाहेरच्या बाकावर ताईंनी ते खुणेचं वाक्य तिसऱ्यांदा दुरुस्त केलं आणि पुन्हा दाराकडे पाहिलं. आत मास्तरांच्या पापण्या हलल्या. वर तसंच पांढरं छत, शेजारी तीच बायको.

"अगं, अजून नेलं नाही? किती ताटकळत ठेवतात ही माणसं!"

काकूंनी मास्तरांचा डावा तळवा हळूच उघडून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मधोमध निळ्या शाईचा ठिपका.

मास्तरांनी अंगठ्यानं तो पुसून पाहिला.

"कधी केलास?"

"ऑपरेशन झाल्यावर, तुम्ही झोपेत असताना."

तुमचा संगणक कधी गाढ झोपेतून उठेल आणि अर्धवट राहिलेलं वाक्य जागच्या जागी भेटेल, तेव्हा एवढं करा: आमच्या काकूंची आठवण काढा.